तांडेलावरची पैज

दूध संकलन केंद्राच्या फळ्यावर सहसा दोनच गोष्टी असतात, फॅटचा दर आणि दुधाच्या पगाराची तारीख. अंगदच्या केंद्रावर मात्र गेले आठ आठवडे तिसरीही ओळ होती, आणि ती दरापेक्षा मोठ्या अक्षरांत होती. 'दर्यासूर भाग २ विषयी बोलणाऱ्याचे दूध सर्वांत शेवटी घेतले जाईल. हुकमावरून.' हुकूम कुणाचा, तर अंगदचाच.

ज्याने दुधाच्या रांगेत पहाट काढलेली नाही त्याला ही धमकी पोरकट वाटेल. पण शेवटी म्हणजे साडेसात. तोवर गोठा तसाच, पोरांचे डबे तसेच, आणि मार्चच्या दिवसांत किटलीतलं दूध कधी दगा देईल याचा नेम नाही. आसारामने एकदाच तोंड उघडलं होतं. "अण्णा, त्या जहाजाचं पुढं काय हुतं एवढंच सांगतो," म्हणाला, आणि तीन दिवस रांगेच्या शेपटाला उभा राहिला. त्यानंतर चाळीसच्या चाळीस दूधवाल्यांच्या तोंडाला कुलूप लागलं.

गंमत अशी की ते चाळीसही जण सिनेमा बघून बसले होते. काहींनी संगमनेरला थेटरात बघितला, बाकीच्यांनी मोबाईलवर, कुठून कुठून आलेल्या चोरीच्या कॉपीत. सत्तरी ओलांडलेल्या मनकर्णामावशीने डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ताजं असताना नातवाच्या फोनवर अख्खे तीन तास बघितला आणि दुसऱ्या दिवशी किटली घेऊन आली ती तोंडावर पदर दाबूनच. अंगदला वाटलं, मावशीची दाढ दुखतेय.

संगमनेरपासून अकरा किलोमीटरवरच्या या गावात एकटा अंगदच 'दर्यासूर'चा दुसरा भाग न बघितलेला माणूस उरला होता. त्याला कारण होतं त्याची मुलगी अश्विनी.

अंगद एकटा कधीच सिनेमाला गेला नव्हता. बायको असताना तिला थेटरात डोकं दुखायचं म्हणून तो अश्विनीला घेऊन जायचा. ज्योती वारली, अश्विनी कॉलेजला गेली, तरी बापलेकीचं हे चालूच राहिलं. संध्याकाळचं दूध टेम्पोत चढवायचं, मोटारसायकल काढायची, संगमनेर गाठायचं आणि परत येताना रस्ताभर भांडायचं. हिरोने असं का केलं, तसं का नाही केलं. अंगदला सिनेमापेक्षा हे परतीचे अकरा किलोमीटर प्यारे होते. असं तो कुणाला बोलून दाखवायचा नाही, पण रस्ता खराब होता तेव्हा त्याला बरंच वाटायचं, कारण गाडी हळू घ्यावी लागायची.

'दर्यासूर'चा पहिला भाग आला तेव्हा अश्विनीचं लग्न ठरलेलं होतं. नगरचं स्थळ, सावेडीत स्वतःचा फ्लॅट, मुलगा समर्थ चांगल्या नोकरीत. दोघांनी मिळून बघितलेला तो शेवटचा सिनेमा. समुद्रावरच्या लढायांचा खर्चिक मामला, आणि शेवट असा की माणसाने डोक्याला हात लावावा. जहाजाच्या तळात अंधार, त्या अंधारात एक हात गिरमिट घेऊन जहाजाला भोक पाडतोय, मनगटात तांब्याचं कडं. फक्त हात दिसतो. पाणी आत यायला लागतं आणि पाटी येते, भाग दुसरा लवकरच.

तसं कडं जहाजावर दोघांच्या हातात होतं. एक हिरोचा मेव्हणा, दुसरा म्हातारा तांडेल, म्हणजे जहाज हाकणारा, ज्याने हिरोला लहानाचं मोठं केलं.

"मेव्हणाच," अश्विनी गाडीवर बसायच्या आधीच म्हणाली. "तोंडावरूनच कळतंय."

"तांडेल," अंगद म्हणाला.

"काहीही काय अण्णा! त्याने पोरासारखं वाढवलंय त्याला."

"म्हनूनच. बाहेरच्याला जहाजाचा तळ कुठं ठाव असतो?"

भांडण गावाची वेस आली तरी मिटेना, तेव्हा पैज लागली. अश्विनी हरली तर तिने सासरहून येऊन सलग आठ दिवस माहेरी राहायचं. अंगद हरला तर त्याने केंद्र दुसऱ्याच्या हवाली करून आठ दिवस सावेडीत लेकीकडे राहायचं. आणि अट अशी की दुसरा भाग दोघांनी एकत्रच बघायचा, थेटरात. तोवर कुणीही बघायचा नाही आणि कुणाकडून ऐकायचाही नाही. अश्विनीने गाडीवरून उतरून बापाच्या हातावर टाळी दिली. लग्न बावीस दिवसांवर होतं. दुसरा भाग दिवाळीला येणार होता. अंगदने मनातल्या मनात हिशेब केला की दिवाळीनंतर आठ दिवस पोरगी घरात असेल.

दिवाळीला सिनेमा आला नाही. कॉम्प्युटरवरचं समुद्राचं काम राहिलंय म्हणाले. मग उन्हाळ्याची तारीख दिली, तेव्हा हिरोचा खांदा निखळला. पुढच्या दिवाळीला दुसरा मोठा सिनेमा आडवा आला म्हणून यांनी माघार घेतली. मग निर्मात्याचं आणि वितरकाचं वाजलं. अशी तीन वर्षं गेली. या तीन वर्षांत अश्विनी माहेरी आली ती पाहुणी म्हणूनच. सकाळी अकराला गाडीतून उतरायची, साडेचारला "निघते अण्णा, घाटात अंधार नको" म्हणायची. संगमनेर ते नगर वाटेत घाट नाही, हे अंगदला माहीत होतं. तो म्हणायचा, "जा बाळा. पिच्चर येऊ दे, मग बघतो तुला." आणि ती हसायची.

त्या निर्मात्याला अंगदने तीन वर्षांत जितक्या शिव्या घातल्या तितक्या पाणी घालून दूध आणणाऱ्यालाही कधी घातल्या नसतील.

मध्येच एकदा बातमी फुटली की सिनेमा थेटरात येणारच नाही, थेट मोबाईलवर, ओटीटीला येणार. अश्विनीने लगेच मेसेज केला. 'बरं झालं अण्णा, तुम्ही घरी बघा, मी इथे बघते, मग फोनवर बोलू. जावई तुमचा टीव्ही जोडून देतील.' अंगदला त्या रात्री जेवण गेलं नाही. फोनवर कुठे आठ दिवस राहता येतं? सुदैवाने ती बातमी खोटी निघाली. जानेवारीच्या अखेरीस एका शुक्रवारी सिनेमा थेटरांत लागला आणि आठ आठवड्यांनी ओटीटीला येईल असं जाहीर झालं.

त्या शुक्रवारी अंगदने सकाळी सातलाच फोन केला. अश्विनी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला होती, तिथे तपासणीवाले येणार होते. पुढच्या आठवड्यात सासूबाईंचा गुडघा. मग समर्थची बदलीची गडबड, मग तिला स्वतःला ताप. दर फोनच्या शेवटी ती विचारायची, "तुम्हाला कुणी सांगितलं नाही ना?" आणि तो छाती फुगवून म्हणायचा, "कुनाची टाप हाय? फळ्यावर लिहिलंय."

पाचव्या आठवड्यात सिनेमा संगमनेरहून उतरला. सातव्या आठवड्यात नगरला एका मल्टिप्लेक्समध्ये दुपारचा एकच खेळ उरला. आठव्या आठवड्यात बुधवारी सकाळचं दूध टेम्पोत चढलं तसं अंगदने संध्याकाळचं काम आसारामच्या गळ्यात घातलं, इस्त्रीचा सदरा चढवला आणि एष्टीत बसल्यावर फोन लावला.

"अशू, दुपारच्या खेळाची दोन तिकिटं काढ. मी निघालोय."

"आज? अण्णा, परवा ओटीटीला येतोच आहे की तो."

"लोणी मागं पडलं," अंगद म्हणाला. खरं तर एष्टी अजून संगमनेरच्या स्टँडवरच होती.

मग ती म्हणाली, "या."

ती लॅबमधून हाफ डे घेऊन आली होती. थोडी वाळली होती, डोळ्यांखाली काळं होतं, आणि बापाला बघून खरंच हसली होती. ते हसू खोटं नव्हतं, हे अंगद आजही सांगेल. थेटरात मोजून नऊ माणसं होती. पॉपकॉर्नचा डबा दोघांच्या मध्ये, एसी अंगदच्या कानशिलावर, आणि पडद्यावर समुद्र. अंगदला वाटलं, तीन वर्षं थांबल्याचं सार्थक झालं. इंटरव्हलपर्यंत भोक कुणी पाडलं ते काही कळेना. एकदा मेव्हण्यावर संशय जायचा, एकदा तांडेलावर.

इंटरव्हल संपता संपता अश्विनीचा फोन वाजला. लॅबचा आहे म्हणाली आणि बाहेर गेली. आणि नेमकं तेव्हाच सगळं घडलं. तांडेल पकडला गेला. कबूल झाला. हिरो लहान असताना स्वतःच्या सख्ख्या मुलाला सोडून त्याने हिरोला वाचवलं होतं, आणि ते दुःख तो चाळीस वर्षं पोटात घेऊन जहाज हाकत होता. म्हातारा रडला आणि त्याने कडं काढून समुद्रात फेकलं. अंगद खुर्चीच्या कडेला येऊन बसला होता. जिंकलो, असं त्याला मोठ्याने ओरडावंसं वाटलं, पण शेजारची खुर्ची रिकामी. पोरीचा एवढा प्रसंग हुकला याचं त्याला इतकं वाईट वाटलं की जिंकल्याचा आनंदही मागे पडला. तिला कसं सांगायचं, कुठून सुरुवात करायची, याची त्याने मनात जुळवाजुळव केली.

वीस मिनिटांनी ती आली. वाकून, लोकांच्या गुडघ्यांना चुकवत जागेवर बसली, पॉपकॉर्नचा डबा मांडीवर घेतला आणि पडद्याकडे बघायला लागली.

अंगद वाट बघत राहिला.

पोरगी चार वर्षांची असल्यापासूनची रीत होती. ती लघवीला जाऊन आली, पाणी पिऊन आली, की आधी बापाच्या कोपराला ढोसायची. "काय झालं, अण्णा? काय झालं?" मग तो तिच्या कानाला लागून सगळं सांगायचा, आणि पुढचे लोक मागे वळून बघायचे. कॉलेजात गेली तरी ढोसायची. आज वीस मिनिटं हुकली होती, सिनेमातली सगळ्यात मोठी वीस मिनिटं. पडद्यावर तांडेलाच्या हातात बेड्या होत्या, मनगट उघडं होतं. आणि अश्विनीने काही विचारलं नाही.

तांडेलाला बेड्या का, एवढंही विचारलं नाही.

त्यानंतर अंगदने सिनेमा बघितला नाही, लेकीचा चेहरा बघितला. लढाई सुरू झाली तशी ती खाली मान घालून फोनवर बोटं फिरवायला लागली. जहाज पेटायच्या बरोबर आधी तिने मान वर केली. जहाज पेटलं, तिने पुन्हा खाली घातली. आपण थेटरात एकटे बसलोय असं त्याला वाटलं.

बाहेर उन्हाने डोळे दिपले. रिक्षावाले ओरडत होते. अश्विनी म्हणाली, "छान होता ना? चला, घरी चहा घेऊ."

"जिंकलो ना मी?" अंगदने विचारलं.

"हो, जिंकलात. तांडेलच निघाला."

"कधी कळलं तुला?"

ती पर्समध्ये काहीतरी शोधायला लागली.

"अशू. कधी?"

"पहिल्या शुक्रवारी," ती म्हणाली. "ह्यांनी घरातल्या सगळ्यांची तिकिटं काढली होती अण्णा. मला आधी सांगितलंच नाही. नणंदा आलेल्या, मी एकटी नाही कशी म्हणू?"

"नको म्हनू. बघ ना. बारा वेळा बघ." अंगदचा आवाज चढला. पानटपरीवरचे दोघे वळून बघायला लागले. "संध्याकाळी फोन करून सांगायचं हुतं. अण्णा, बघितला, तुमी जिंकला. एका मिन्टाचं काम. सासूचा गुडघा काय, ताप काय! आठ आठवडे तू मला खेळवलंस? वर विचारती, कुनी सांगितलं न्हाई ना!"

"सांगितलं असतं तर तुम्ही लगेच म्हणाला असता, ये आठ दिवस."

"मग? पैज हुती."

"अण्णा, तेव्हा मी कॉलेजात होते. बोलून गेले." ती आता रडवेली झाली होती, पण थांबली नाही. बहुतेक तीन वर्षं हे तिच्या ओठांवर येऊन परत जात असावं. "आठ दिवस तिथे काय करू मी? मला तिथे झोप येत नाही आता. आई नाही. तुम्ही पहाटे पाचपासून केंद्रावर. दिवसभर त्या घरात मी एकटीने काय करायचं? वाटलं होतं, ओटीटीला येईल, तुम्ही तुमचं बघाल, फोनवर दोन शब्द बोलू आणि विषय संपेल."

विषय संपेल. निर्मात्याने अंगदला तीन वर्षं झुलवलं होतं, पण निदान दर वेळी नवी तारीख तरी दिली होती. या पोरीने मनातल्या मनात पैज केव्हाच मोडून टाकली होती आणि बापाला फळ्यावर हुकूम लिहीत बसवलं होतं. तिने सरळ तोंडावर सांगितलं असतं, येणार नाही म्हणून, तरी त्याने गिळलं असतं. त्याला राग आला होता, लाज वाटत होती, आणि त्याहून वाईट म्हणजे तिचं म्हणणं खरं होतं हेही त्याला समजत होतं. घर खरंच रिकामं होतं. तो स्वतःसुद्धा तिथे झोपण्यापुरताच जायचा.

"चहा घेऊन तरी जा," ती म्हणाली. "रात्री राहा. उद्या जा."

"सकाळचं दूध हाय," अंगद म्हणाला, आणि रिक्षात बसला. तिने रिक्षावाल्याला पैसे द्यायला पर्स उघडली तेव्हा त्याने हाताने नको म्हटलं. मागे वळून मात्र बघितलं नाही. एष्टीत राहुरी गेली, कोल्हार गेलं, लोणी गेलं, त्याला काही दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे केंद्राचं शटर वर केलं तेव्हा रांग नेहमीपेक्षा दुप्पट. घरटी एक माणूस यायचं तिथे नवरा-बायको दोघं आलेले. आसाराम ओल्या फडक्याने फळ्यावरचा हुकूम पुसत होता.

"बघितला ना अण्णा? बघितला ना? आता बोलायला मोकळे!"

आणि मग आठ आठवड्यांचं तुंबलेलं सगळं एकदम फुटलं. जहाज, बेड्या, कडं, तांडेलाचा पोरगा, सगळे एकाच वेळी बोलायला लागले. कुणी म्हणालं, मला तर झोपेत नाव यायचं. कुणी म्हणालं, बायकोने तोंडावर हात ठेवून घराबाहेर काढला. तेव्हा अंगदच्या लक्षात आलं की हे सगळे पहिल्या आठवड्यापासून जाणून होते. पैज गावभर माहीत होती. अण्णा जिंकलाय, हे चाळीस जणांना कळलेलं होतं, आणि त्यांनी किटल्या वजनाला लावताना त्याच्या तोंडाकडे बघून रोज गिळलं होतं. मावशीची दाढ दुखत नव्हती.

मनकर्णामावशी रांग मोडून पुढे आली. कुणी हरकत घेतली नाही. तिच्या एका हातात किटली होती आणि दुसऱ्या हातात स्टीलचा डबा.

"गाय काल व्याली," ती म्हणाली. "खरवस हाय. अश्विनीला लई आवडतो. कधी येती?"

रांगेतल्या माना पुढे आल्या. सगळ्यांना तेच ऐकायचं होतं.

अंगदने फॅटच्या मशीनकडे बघितलं, आसारामकडे बघितलं, पुसलेल्या फळ्याकडे बघितलं. सांगून टाकावं असं त्याच्या तोंडावर आलं होतं. तिने पहिल्याच दिवशी बघितला. ती येणार नाही. पण समोर मावशी मान वर करून उभी होती, एक डोळा अजून लालसर.

"येती म्हनली," अंगद म्हणाला. "लॅबमधून सुट्टी मिळाली का येती. पैज हरली म्हनून थेटरात रडली लेकाची."

लोक हसले. पाठीमागून कुणीतरी टाळी वाजवली.

"गुणाची पोर," मावशी म्हणाली. "आठ आठवडे बापासाठी थांबली. शहरात राहून, हातात मोबाईल असून थांबली. आजकाल कोन थांबतं?" तिने डबा त्याच्या हातात ठेवला आणि वर पदर झाकला. "मी रोज म्हनायचे, मनकर्णे, गप बस, ती पोर थांबलीय तर तुला काय हुतंय. म्हंजी आमचं गप बसनं फुकट न्हाई गेलं."

"न्हाई मावशी," अंगद म्हणाला, आणि तिची किटली काट्यावर ठेवली.